जीएलओ रेकॉर्ड्स आणि नॅशनल अर्काइव्हजची नक्कल सेवा: सनद चकटफू, घराणं मात्र फाइलीत

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या एखाद्या शेतकरी घराण्याचा माग काढायला बसलेला माणूस सर्वांत आधी जीएलओ रेकॉर्ड्स या वेबसाइटवर जातो. राज्य निवडतो, आडनाव टाकतो आणि पाच मिनिटांत पणजोबांना सरकारने जमीन दिल्याची सनद पडद्यावर येते. ती उतरवून घेतली जाते, छापली जाते, चौकटीत बसते आणि शोध तिथेच थांबतो. या वेबसाइटची खरी अडचण हीच. ती इतकी सुरळीत चालते की पुढे आणखी काही आहे याची शंकाही येत नाही.

सेवा अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. सरकारी जमिनींचं वाटप करणारं जनरल लँड ऑफिस, म्हणजेच जीएलओ, १८१२ साली सुरू झालं, १९४६ मध्ये ते ग्रेझिंग सर्व्हिसबरोबर एक होऊन आजचा ब्युरो झाला आणि जुन्या कचेरीची दप्तरं त्याच्या ताब्यात आली. १७८८ पासूनच्या पन्नास लाखांहून अधिक नोंदी इथे पाहता येतात. खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, जाहिराती अंगावर येत नाहीत. एवढ्यापुरते पाचापैकी पाच गुण. घराण्याचा इतिहास हवा असेल तर मात्र ही सेवा निम्मीच आहे. उरलेला निम्मा भाग वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये कागदी फाइलींत आहे आणि तो दाम मोजून मागवावा लागतो. म्हणून इथे दोन्हींचं परीक्षण एकत्र केलं आहे.

आधी सनदेचं पाहू. पडद्यावर दिसते ती मूळ सनद नव्हे, सरकारने आपल्या वहीत ठेवलेली नक्कल असते. मूळ कागद शेतकऱ्याच्या हाती गेला. तो घरातल्या पेटीत असेल, नाहीतर हरवला असेल. त्यामुळे पणजोबांची सही तिच्यावर शोधू नये. खाली राष्ट्राध्यक्षाचं नाव असतं, आणि ते पाहून पुष्कळजण हरखून जातात. पण १८३३ पासून राष्ट्राध्यक्षाच्या वतीने एक कारकून सह्या करत असे. रूझवेल्टची सही म्हणून जी दाखवली जाते ती त्या कारकुनाच्या हातची.

दुसरी चूक तारखेची. सनदेवर १९०६ साल दिसलं म्हणून घराणं १९०६ ला आलं असं धरतात. २० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची, सगळी फी मिळून १८ डॉलर. पण त्यासाठी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसावी लागे, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत पुरावा द्यावा लागे. पुरावा मंजूर झाल्यावरही वॉशिंग्टनहून सनद यायला बराच काळ जाई. म्हणजे सनदेचं साल हे त्या जमिनीवरच्या पहिल्या हिवाळ्यापासून साधारण सहा-सात वर्षं दूर असतं. १९१२ च्या कायद्याने पाचाची तीन वर्षं झाली, तेव्हा त्यानंतरच्या सनदांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नये.

सनदेवरचं नाव आणि तारीख यांच्यापेक्षा मोलाचं असतं ते जमिनीचं वर्णन, आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. समजा लिहिलं आहे: आग्नेय चतुर्थांश, सेक्शन १४, टाउनशिप १४० उत्तर, रेंज ६० पश्चिम, पाचवी प्रिन्सिपल मेरिडियन. हे उजवीकडून डावीकडे, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे उलगडायचं. मेरिडियन म्हणजे मोजणीची मूळ उत्तर-दक्षिण रेषा. पाचव्या मेरिडियनची आडवी पायारेषा दक्षिणेला आर्कान्सात आहे, आणि अख्ख्या नॉर्थ डकोटाची मोजणी तिथून होते. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाजूचा चौकोन; तिचा आकडा पायारेषेपासून उत्तरेकडे मोजतात, रेंजचा मेरिडियनपासून पश्चिमेकडे. तेव्हा १४० वी पट्टी त्या रेषेपासून सुमारे ८४० मैल उत्तरेला पडते. टाउनशिपमध्ये एक मैल बाजूचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर, ज्याला तिकडचे शेतकरी आजही नुसतं ‘क्वार्टर’ म्हणतात. सेक्शनांचे आकडे बैल नांगराला फिरतो तसे फिरतात: एक नंबर ईशान्य कोपऱ्यात, तिथून पश्चिमेकडे सहापर्यंत, मग खाली उतरून सात ते बारा पूर्वेकडे, असं करत ३६ नंबर आग्नेय कोपऱ्यात.

वर्णनात ‘लॉट ३’ किंवा ‘लॉट ४’ असं आलं आणि क्षेत्र १६० ऐवजी १५७.३२ सारखं विचित्र निघालं, तर ती टंकनाची चूक नव्हे. पृथ्वी गोल असल्याने मेरिडियन उत्तरेकडे एकमेकींजवळ येतात, त्यात साखळीने केलेल्या मोजणीतल्या चुका. हा सगळा फरक टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या तुकड्यांवर ढकलायचा असा नियम होता. म्हणून सेक्शन १ ते ६ आणि ७, १८, १९, ३०, ३१ यांच्या कडेला असे वेडेवाकडे लॉट सापडतात. कधीकधी लॉट तळ्यामुळेही पडतो. वेबसाइटवर अनेक टाउनशिपचे मूळ मोजणी नकाशेही आहेत, त्यांच्यावर ओढे, दलदल आणि जुन्या गाडीवाटा दिसतात. आजच्या नकाशात ते तळं आटलेलं असलं तरी जुन्या नकाशात असतं.

वर्णन हाती आलं की नावाने शोधणं बंद करावं. वेबसाइटचा नावाने शोध हा तिचा सर्वांत कच्चा भाग. कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं, नॉर्वेजियन माणसाने एकदा वडिलांच्या नावावरून आडनाव लावलं आणि एकदा गावाकडच्या शेताच्या नावावरून, रशियातून आलेल्या जर्मनांच्या नावांचे उच्चार तर कुणालाच धड जमले नाहीत. त्यापेक्षा ठिकाणाने शोध लावावा: राज्य, मेरिडियन, टाउनशिप, रेंज. त्या टाउनशिपमधल्या सगळ्या सनदा एका यादीत येतात. आता शेजारी दिसायला लागतात. बाजूच्या क्वार्टरवर त्याच आडनावाची अविवाहित बाई दिसली तर ती बहीण असण्याची शक्यता मोठी. एकवीस वर्षांच्या अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर होमस्टेड घेता येई. पुरावा देण्याआधी तिचं लग्न झालं असेल तर अर्ज माहेरच्या नावाचा आणि सनद सासरच्या नावाची, म्हणून दोन्ही नावं शोधावीत. अर्जदार मध्येच वारला असेल तर विधवा किंवा वारस पुरावा देत, आणि सनद ‘अमुकचे वारस’ अशा नावाने निघे. ती आडनावाच्या यादीत भलत्याच ठिकाणी जाऊन बसते.

प्रत्येक नोंदीत एक रकाना कायद्याचा असतो, कोणत्या अधिकाराखाली जमीन दिली तो. इथे एक सापळा आहे. तिथे ‘रोख विक्री, १८२०’ असं दिसलं की लोक म्हणतात, अरे, पणजोबा पैसेवाले होते, त्यांनी जमीन विकत घेतली. बऱ्याचदा तसं नसतं. होमस्टेडवाल्याला पाच वर्षं न थांबता एकरी सव्वा डॉलर भरून जमीन मोकळी करून घेता येई. रेल्वेला दिलेल्या जमिनींच्या पट्ट्यात हा दर अडीच डॉलर. आधी त्यासाठी सहा महिने राहणं पुरे होतं, १८९१ पासून चौदा महिने झालं. अशी जमीन वेबसाइटवर रोख विक्री म्हणून दिसते, पण तिच्या फाइलीत होमस्टेडचे सगळे कागद असतात. रोख विक्री म्हणजे फाइल पातळ असणार, मागवण्यात अर्थ नाही, असं समजून जे सोडून देतात ते चांगल्या ऐवजाला मुकतात. आणि पाच वर्षं थांबायची तयारी नव्हती याचंही कारण असे: पुरावा मंजूर होऊन अंतिम दाखला मिळाल्याशिवाय जमीन गहाण टाकता येत नव्हती.

१८९१ पूर्वीच्या घराण्यांत एकाच माणसाच्या नावावर दोन किंवा तीन सनदा निघणं नेहमीचं. १८४१ च्या प्रीएम्प्शन कायद्याखाली (आधी येऊन वसलेल्याला खरेदीचा पहिला हक्क) १६० एकर, होमस्टेडचे १६०, आणि झाडं लावायच्या अटीवर टिंबर कल्चरचे १६०. यात झाडांची अट आधी ४० एकरांची होती, १८७८ मध्ये ती १० एकरांवर आणली, तरीही उघड्या माळावर वाऱ्यात आणि दुष्काळात रोपं जगणं मुश्किल. प्रीएम्प्शन आणि टिंबर कल्चर हे दोन्ही कायदे १८९१ मध्ये रद्द झाले. प्रत्येक कायद्याची फाइल वेगळी, आणि प्रत्येकीत वेगळे कागद.

आता दुसरी सेवा. नॅशनल अर्काइव्हजकडे या सनदांमागच्या मूळ फाइली आहेत, लँड एंट्री केस फाइल म्हणतात त्यांना. मागणी ऑनलाइन करता येते किंवा एनएटीएफ ८४ या फॉर्मवर. एका फाइलीचे ५० डॉलर, तरी मागवण्याआधी चालू दर पाहून घ्यावा. नक्कल यायला आठवडे, कधी महिने लागतात. पन्नास डॉलर ऐकून अंगावर काटा येतो, पण आत काय असतं ते पाहिल्यावर हे पैसे अजिबात जास्त वाटत नाहीत.

मागणी करताना जी माहिती भरायची ती जीएलओच्याच पानावरून उचलायची असते, आणि इथेच सर्वांत जास्त अर्ज फसतात. जुलै १९०८ पूर्वीच्या सनदेसाठी राज्य, स्थानिक लँड ऑफिसचं नाव, एंट्रीचा म्हणजे जमिनीच्या अर्जाचा प्रकार, अंतिम दाखल्याचा क्रमांक आणि जमिनीचं वर्णन लागतं. वेबसाइटवर या दाखल्याचा क्रमांक ‘डॉक्युमेंट नंबर’ या नावाने आहे. त्याच्या शेजारी ‘अ‍ॅक्सेशन नंबर’ असतो तो फक्त वेबसाइटच्या सोयीचा. तो लिहून अर्ज पाठवला तर फाइल सापडत नाही. १९०८ नंतर सगळ्या देशाला एकच क्रमांकमालिका लागू झाली, त्यामुळे नंतरच्या सनदेला नुसता पेटंट क्रमांक, म्हणजे सनदेचा क्रमांक, पुरतो. लँड ऑफिसचं नावही डोळे उघडे ठेवून घ्यावं. फार्गो, बिस्मार्क, ग्रँड फोर्क्स, डेव्हिल्स लेक, मायनॉट, डिकिन्सन, विलिस्टन अशा कचेऱ्या वेगवेगळ्या काळात होत्या आणि त्यांच्या हद्दी बदलत गेल्या. आज जे गाव जवळचं, तिथली कचेरी असेलच असं नाही.

फाइल उघडली की वरचे कागद कंटाळवाणे: अर्ज, शपथपत्र, फी भरल्याच्या पावत्या. अर्जदार परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाची नक्कल असते. होमस्टेडचा अर्ज करायला नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला पुरे असे, पण अंतिम पुराव्याला पूर्ण नागरिकत्व लागे, त्यामुळे कोणत्या कोर्टात आणि केव्हा नागरिक झाला हे आयतं हाती येतं. ही गोष्ट छोटी नाही. सप्टेंबर १९०६ पूर्वी नागरिकत्व कुठल्याही कोर्टात घेता येई आणि एकत्र यादी कुठेच नव्हती, तेव्हा कोर्टच माहीत नसेल तर शोध गवताच्या गंजीतल्या सुईचा. नागरिकत्वाच्या जुन्या कागदावर फक्त ‘स्वीडन आणि नॉर्वेच्या राजाची निष्ठा सोडतो’ एवढंच असणं नित्याचं. जन्मगाव त्यात मिळेलच अशी आशा धरू नये. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला सैनिक असेल तर १८७२ च्या कायद्याने त्याची नोकरीची वर्षं पाच वर्षांतून वजा होत, आणि सेवामुक्तीच्या दाखल्याची नक्कल फाइलीत लावलेली सापडते.

खरा माल अंतिम पुराव्याच्या जबानीत. छापील प्रश्न आणि हाताने लिहिलेली उत्तरं. वय, जन्मस्थान, बायको-मुलं किती, घर कधी बांधलं, राहायला कधी आला, मध्ये कितीदा आणि का बाहेर गेला, किती एकर वहितीखाली आणले, किती हंगाम पीक घेतलं, बांधकामांची किंमत काय. उत्तरांची धाटणी साधारण अशी असते: १२ बाय १४ फुटांचं फळ्यांचं घर, वर डांबरी कागद, एक दार, एक खिडकी; मातीच्या ढेकळांचा गोठा; विहीर; कुंपण नाही. हाच प्रश्नसंच दोन साक्षीदारांनाही विचारलेला असतो, आणि ते शेजारी असतात. तीन जबान्या शेजारी ठेवून वाचाव्यात. घराची लांबीरुंदी तिघांनी वेगळी सांगितली तर काळजी नको, उलट ती खरी जबानी. तिन्ही उत्तरं शब्दशः एकसारखी असतील तर ती कचेरीबाहेर बसलेल्या एकाच माणसाने लिहून दिलेली असू शकतात.

वहितीचे आकडे वाचताना शेतीची थोडी जाण हवी. माळाची ती जमीन पहिल्यांदा फोडणं म्हणजे गवताच्या मुळांचं जाळं कापणं. एक फूट रुंदीचं तास धरलं तर एक एकर नांगरायला नांगरामागून सव्वाआठ मैल चालावं लागतं. ४० एकरांना ३३० मैल. शिवाय पहिली नांगरट मे-जूनमध्ये उथळ करायची, गवताची खपली उलटी पडून कुजली की उन्हाळ्याच्या शेवटी तीच जमीन परत जरा खोल उलटायची, आणि गहू पुढच्या वसंतात. त्यामुळे पाच वर्षं राहून चारच हंगाम पीक, हे उत्तर अगदी बरोबर. पहिल्याच वर्षी पीक घेतल्याचं लिहिलं असेल तर ते बहुधा जवस, कारण ताज्या फोडलेल्या जमिनीत तो येतो. पहिल्या वर्षी पाच एकर, दुसऱ्या वर्षी पंधरा, असा वाढता आकडा बैलजोडी किंवा घोडे केव्हा आले हेही सांगून जातो.

गैरहजेरीच्या उत्तरांवर मात्र फार भरवसा ठेवू नये. कायद्याला सलग वास्तव्य हवं होतं, आणि सगळे तेच सांगत. दोन क्वार्टरांच्या हद्दीवर एकच झोपडं बांधून दोघांनी आपापल्या बाजूला राहिल्याचं सांगणं हा प्रकार माळावर सर्वांना ठाऊक होता. हिवाळ्यात माणूस कुठे होता ते जनगणनेशी ताडून पाहावं. पण १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीनंतर गेली. डकोटाच्या लोकांना निदान १८८५ ची प्रादेशिक जनगणना आणि पुढे १९१५ व १९२५ च्या राज्याच्या जनगणना आहेत, त्या वापराव्यात.

अंतिम पुरावा देण्याआधी जवळच्या वर्तमानपत्रात नोटीस छापावी लागे, आणि तिच्यात चार साक्षीदारांची नावं असत. दोघेच जबानी देत, पण नावं चारही शेजाऱ्यांची. फाइलीत नोटिशीचं कात्रण चिकटवलेलं असतं. त्यावरून वर्तमानपत्राचं नाव कळतं, आणि मग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहावर त्याच पत्राचे अंक आहेत का ते पाहता येतं. तिथला शोध संगणकाने वाचलेल्या मजकुरावर चालतो, आणि पुसट छपाईत ओल्सनचं ‘ओलसोन’ नव्हे तर भलतंच काहीतरी होतं. आडनाव सापडलं नाही तर सेक्शन आणि टाउनशिपचे आकडे घालून पाहावं. आकडे निदान तुलनेने नीट वाचले जातात.

जीएलओच्या वेबसाइटची सर्वांत मोठी उणीव अशी की तिच्यावर यशस्वी लोकच दिसतात. सनद मिळाली त्यांची नोंद आहे. ज्यांनी अर्ज केला, दोन हिवाळे काढले आणि सोडून गेले, त्यांचं नाव सनदांच्या शोधात कधीच येत नाही. असे लोक थोडेथोडके नव्हते. कुटुंबात ‘आजोबांची आधी पश्चिमेला जमीन होती’ अशी आठवण असेल आणि जीएलओवर काहीच नसेल तर ती आठवण खोटी ठरत नाही. त्यासाठी ट्रॅक्ट बुकं पाहावी लागतात: प्रत्येक तुकड्यावर कोणी कधी अर्ज केला, कोणाचा रद्द झाला, कोणी सोडला, ही नोंद करणाऱ्या जाडजूड वह्या. आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या फेरफारांची सवय असलेल्याला त्या लगेच कळतील. त्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर मोफत आहेत, फक्त खातं लागतं. नावाने शोध चालेल असं धरू नका. राज्य, मग टाउनशिप-रेंजचा खंड, मग पानं उलटत जाणं. एका तासाला एक टाउनशिप धरा. अर्ज क्रमांक, तारीख आणि ‘रद्द’ किंवा ‘सोडला’ हा शेरा सापडला की त्या रद्द झालेल्या अर्जाची फाइलही नॅशनल अर्काइव्हजकडून मागवता येते. ती बहुधा पातळ असते. वाद झाला असेल तर मात्र उलट, कारण दुसऱ्या कोणीतरी ‘हा इथे राहतच नाही’ म्हणून तक्रार केलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या साक्षी लावलेल्या असतात. भांडण झालेली फाइल मिळणं हे नशीब.

सोडण्याचा अर्थही दर वेळी पराभव नसे. हक्क सोडल्याचा कागद पैसे घेऊन दुसऱ्याला देण्याचा रीतसर धंदा चाले. वहीत एकाच्या सोडण्याची आणि दुसऱ्याच्या अर्जाची तारीख एकच दिसली तर व्यवहार झाला असं समजावं. अशा वेळी पणजोबांच्या फाइलीत ‘घर आधीच उभं होतं’ असं उत्तर आढळतं.

आणि काही जमिनींची फाइल मुळातच नसते. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला १८६४ च्या कायद्याने डकोटा टेरिटरीत रुळांच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मैलांपर्यंतचे विषम आकड्यांचे सेक्शन दिले होते. सेक्शन १३ किंवा १५ वर घराण्याची जमीन असेल तर सनद रेल्वेच्या नावाची निघते, आणि कुटुंबाने ती रेल्वेकडून घेतलेली असते. सम आकड्यांच्या सेक्शनवर १८७९ पर्यंत त्या पट्ट्यात होमस्टेड ८० एकरांचंच मिळे, म्हणून ८० एकरांची सनद पाहून कुटुंब गरीब होतं असा निष्कर्ष काढू नये. सेक्शन १६ आणि ३६ शाळांचे. ते राज्याकडे गेले, आणि १८८९ च्या कायद्याने एकरी दहा डॉलरच्या खाली विकायला बंदी होती. रेल्वेच्या आणि शाळांच्या, या दोन्ही प्रकारांत वॉशिंग्टनला पैसे पाठवण्यापेक्षा कौंटीच्या रेकॉर्डरकडे खरेदीखतं पाहावीत. तिथे गहाणखतंही मिळतात, आणि अंतिम दाखल्याच्या तारखेनंतर आठवडाभरात पहिला बोजा चढलेला दिसतो तेव्हा सगळी घाई कशासाठी होती ते उमगतं. १९३३ च्या आसपास जप्तीची नोटीस निघून पुढे काहीच झालेलं नाही असं दिसलं, तर गव्हर्नर लँगर यांनी शेतजमिनींच्या जप्तीला दिलेली स्थगिती लक्षात घ्यावी. १९३६ साली त्याच राज्यात पार्शलला उणे ६० आणि स्टीलला १२१ अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं. त्या वर्षाचा बोजा फिटला नाही यात नवल काय.

सनदेत ‘पहिला मालक’ शोधणाऱ्यांनी एक गोष्ट नजरेआड करू नये. वेबसाइटवर मूळ रहिवाशांच्या वाटपाच्या सनदाही आहेत, आणि काही टाउनशिपमध्ये त्या होमस्टेडच्या सनदांना खेटून दिसतात, कारण राखीव प्रदेशाचा उरलेला भाग नंतर वसाहतीला खुला केला गेला. टर्टल माउंटनच्या चिपेवा या मूळ रहिवासी जमातीकडून सुमारे एक कोटी एकर दहा लाख डॉलरला, म्हणजे एकरी दहा सेंटना घेतले गेले. करार १८९२ चा, मंजुरी १९०४ ची. घराण्याचं होमस्टेड त्या पट्ट्यात १९०० च्या आधीचं असेल तर ट्रॅक्ट बुकात तुकडा कधी खुला झाला ती नोंद आवर्जून पाहावी.

१९०० नंतर बरीच डकोटन कुटुंबं, विशेषतः धाकटी मुलं, सीमा ओलांडून कॅनडातल्या सस्कॅचेवानला गेली. देश दुसरा असल्याने एकदा होमस्टेड घेतलेल्यालाही तिथे पुन्हा घेता येई. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याखाली १६० एकरांना दहा डॉलर फी, तीन वर्षं, दर वर्षी निदान सहा महिने वास्तव्य. स्त्रियांना मात्र कुटुंबप्रमुख असल्याशिवाय, बहुधा विधवा असल्याशिवाय, मिळत नसे. त्यामुळे डकोटात दिसणाऱ्या बहिणी तिकडच्या यादीत एकदम नाहीशा होतात. १८७० ते १९३० च्या पश्चिम कॅनडातल्या सनदांची यादी लायब्ररी अँड अर्काइव्हज कॅनडाच्या साइटवर मोफत आहे. अर्जांच्या फाइली प्रांतांकडे, सस्कॅचेवानच्या त्या प्रांतिक अर्काइव्हजमध्ये. फक्त सेक्शनांचे आकडे तिथे उलटे: एक नंबर आग्नेय कोपऱ्यात, आणि तिथून क्रम सापासारखा वर चढत ३६ ला ईशान्येत पोचतो. अमेरिकी नकाशा डोक्यात ठेवून पाहिलं तर पणजोबा टाउनशिपच्या भलत्याच टोकाला जाऊन पडतात. त्या फाइलीतला अर्ज मागचं राहण्याचं ठिकाण आणि आधीचा धंदाही विचारतो, आणि तिथे डकोटातल्या पोस्टाचं नाव मिळालं की ज्याची सनदच निघाली नव्हती त्या जुन्या अर्जाचं ट्रॅक्ट बुक कोणत्या टाउनशिपपासून चाळायचं ते ठरतं.